स्वार्कस्टनचा पूल पाडून नवा का बांधत नाहीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नोकरी इंग्लंडमधल्या डर्बीला, घर जवळच्याच मेलबर्न गावाच्या बाजूला. रोज ट्रेंट नदीवरच्या स्वार्कस्टनच्या जुन्या दगडी पुलावरून जावं लागतं. पूल अरुंद आणि वळणांचा, आणि कुठे ना कुठे कठडा तुटलेला. एखादा तुकडा पडला की महिनोन्महिने सिग्नल लावून एकाच बाजूने वाहतूक. एवढा त्रास देणारा पूल पाडून नवा का बांधत नाहीत? दहा-बारा दगड परत बसवायला इतके महिने का लागतात? इतकी शतकं तो टिकला कसा? आणि शेवटी, तुमच्या महाराष्ट्रातल्या गावच्या ओढ्यावरही एक जुना कमानींचा पूल आहे, त्याचं काय करावं?

सव्वीस वर्षं मी दगडी कमानींच्या पुलांची तपासणी आणि दुरुस्ती करतोय. पहिली चार महाराष्ट्रात गेली, बाकीची इंग्लंडमध्ये. स्वार्कस्टनवर मी स्वतः काम केलेलं नाही, पण त्याच्या खालून अनेकदा चाललो आहे. अशा पुलाचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्ही रोज नेमक्या कशावरून जाता ते सांगतो. गाडीतून ते कळत नाही. स्वार्कस्टन आणि स्टँटन बाय ब्रिज या दोन गावांमधलं हे बांधकाम साधारण सव्वा किलोमीटर लांब आहे. नदीचं पात्र त्याच्या एका टोकाला, स्वार्कस्टनच्या बाजूला. उरलेला सगळा भाग कुरणातून जातो. उन्हाळ्यात तिथे गाई चरतात आणि हिवाळ्यात ट्रेंट फुगली की तेच कुरण तळं होतं. म्हणजे पुलाची मोठी लांबी नदीसाठी बांधलेलीच नाही, ती पूरमैदानासाठी आहे. उंच दगडी बांध घालायचा आणि पाण्याला वाट म्हणून मधेमधे कमानी सोडायच्या. बांधातल्या मध्ययुगीन कमानी तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आहेत. नदीच्या पात्रावरच्या पाच कमानी मात्र तितक्या जुन्या नाहीत. १७९५च्या पुरात तो भाग गेला आणि त्यानंतर नव्याने बांधला.

एवढ्या एका गोष्टीत तुमच्या ‘टिकला कसा’चं अर्धं उत्तर आहे. जिथे वर्षभर पाणी वाहतं तो भाग गेला, आणि जिथे वर्षातून थोडेच दिवस पाणी येतं तो राहिला. दगडी पुलाला मारतं ते पायाशी खेळणारं पाणी. माथ्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी पूल पडल्याची उदाहरणं त्यामानाने फारच थोडी.

कमान वजन कसं पेलते ते पाहा. एक साखळी दोन्ही हातांत धरून मधे लोंबू द्या. तिचा जो आकार होतो तो उलटा केला की कमानीतून वजन उतरण्याची वाट मिळते. हे नातं रॉबर्ट हूकने १६७५मध्ये मांडलं. स्वार्कस्टनच्या गवंड्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांचा हात बरोबर होता. वजनाची ही वाट दगडाच्या जाडीच्या आत राहिली की कमान उभी राहते. दगडांमध्ये कुठेही ताण येत नाही, ते एकमेकांवर दाबलेले राहतात, आणि तो दाबही दगडाची ताकद बघता किरकोळ असतो. अशी कमान मोडायची तर तिच्यात चार ठिकाणी बिजागऱ्या तयार व्हाव्या लागतात, म्हणजे चार सांधे इतके उघडावे लागतात की दगड तिथे फिरू शकतील. एखादा सांधा उघडला, थोडी भेग दिसली, तर कमान पडायला टेकली असं नसतं. पाया जरा खचला की कमान स्वतःला नव्या जागी बेतून घेते आणि पुन्हा शतकभर उभी राहते. काँक्रीटच्या तुळईत हा गुण नाही.

कमानीवरची मातीसुद्धा कामाची आहे. रस्ता आणि कमानीचे दगड यांच्यामध्ये भराव असतो. तो चाकाचं वजन पसरवतो आणि स्वतःच्या भाराने कमान दाबून धरतो. म्हणून जुन्या पुलावरचा भराव उगाच उकरू नये. मी पाहिलेल्या एका ठिकाणी केबल टाकायला कमानीच्या बरोबर माथ्यावर चर खणला होता, आणि आठवड्याच्या आत खालचे दोन दगड सैल झाले होते.

आता खांब बघा. पुढच्या सुट्टीला गाडी गावात ठेवून खाली कुरणात उतरा. मध्ययुगीन पुलाचे खांब कमानीच्या मानाने फार जाड असतात. आजचा इंजिनियर इतके जाड खांब ठेवणार नाही. पण त्या काळी कमानी एकेक करून बांधत, लाकडी सेंटरिंग एका कमानीखालून काढून दुसऱ्या कमानीला लावत. शेजारची कमान अजून बांधलेली नसताना खांबाला एका बाजूचा जोर एकट्याने सोसावा लागे, म्हणून जाडी. याचा फायदा पुढच्या शतकांनाही झाला. एक कमान गेली तरी शेजारची उभी राहते. पडझड झाली तरी पुलाचा एखादाच तुकडा जातो. तोटाही त्याच जाडीत आहे. जाड खांब पाण्याची वाट अडवतात, मग उरलेल्या फटीतून पाणी जोरात जातं आणि जोरात गेलेलं पाणी खांबाच्या पायाखालची माती आणि खडे उकरतं. इंजिनियर याला स्कावर म्हणतात.

स्कावर फसवा असतो आणि तो नीट समजून घ्या, कारण गावच्या पुलासाठी तुम्हाला हेच लागणार आहे. खड्डा सगळ्यात खोल होतो तो पूर ऐन भरात असताना, तेव्हा कुणाला खाली बघता येत नाही. पूर ओसरताना तोच खड्डा सुट्या वाळू-गोट्यांनी परत भरतो. दोन दिवसांनी तपासायला गेलात तर तळ सपाट दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून आम्ही नुसते डोळ्यांनी बघत नाही, लोखंडी सळई घेऊन पात्रात उतरतो आणि खांबाच्या कडेने दर हातभर अंतरावर ती खुपसतो. घट्ट तळाला सळई टणकन थांबते. भरलेल्या खड्ड्यात ती लोण्यात गेल्यासारखी जाते. एका लहानशा नदीवरच्या पुलाखाली माझी सळई कोपरापर्यंत पाण्यात जाऊन आणखी हातभर आत गेली. मी खांबाला हात लावून उभा होतो आणि त्या खांबाच्या खाली काहीच नव्हतं. वर लोक गाड्या चालवत होते. आम्ही तासाभरात रस्ता बंद केला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

इंग्लंडमध्ये २०१५च्या डिसेंबरात हे साऱ्या देशाने पाहिलं. ६ तारखेला कंब्रियातला पूली ब्रिज गावचा १७६४चा पूल पुराने नेला. २९ तारखेला यॉर्कशरमध्ये टॅडकास्टरचा व्हार्फ नदीवरचा पूल अंशतः कोसळला, गावाचे दोन तुकडे झाले आणि तो २०१७च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री, महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस आणि त्यांतली माणसं गेली. मी तेव्हा इथे इंग्लंडमध्ये होतो. रात्रभर फोनवर बातम्या बघत बसलो होतो. दगडी पूल वरून जाताना शेवटच्या क्षणापर्यंत भक्कम वाटतो. खांबाखालचा आधार सुटला की तो इशारा देत नाही.

स्वार्कस्टनच्या टिकण्याचं दुसरं अर्धं उत्तर दगडात नाही, जबाबदारीत आहे. हा पूल कुणीतरी सांभाळायचा असतो, हे या देशात फार जुन्या काळापासून मान्य होतं. १२१५च्या मॅग्ना कार्टाचं, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेचं, तेविसावं कलम पुलांबद्दल आहे. पूर्वापार ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांच्याखेरीज कुणालाही पूल बांधायची सक्ती करू नये, असं ते म्हणतं. राजाने मनाला येईल तिथे गावाला पूल बांधायला लावू नये म्हणून ते आलं, पण त्यातून हेही दिसतं की कोणत्या पुलाची जबाबदारी कुणाची याची लोकांना नेमकी जाण होती. दुरुस्तीसाठी राजाकडून ठराविक वर्षांपुरता परवाना मिळे. पुलावरून जाणाऱ्या मालावर कर घ्यायचा आणि तो पैसा पुलालाच लावायचा, त्याला पाँटेज म्हणत. स्वार्कस्टनच्या पुलालाही चौदाव्या शतकात असे परवाने मिळाले. पुलावर एक छोटं प्रार्थनागृहही होतं. वाटसरू तिथे थांबत आणि दान ठेवत. पूल बांधणं हे धर्मकृत्य होतं, पुलासाठी पैसे देणाऱ्याला बिशप पापक्षमा देत. आपल्याकडे घाट, बारव, धर्मशाळा बांधण्यामागे जी भावना असे, तीच ही.

१५३१मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात कायदा झाला की ज्या पुलाचा कुणी जबाबदार सापडत नाही तो काऊंटीने, म्हणजे जिल्ह्याने, दुरुस्त करावा. १८८८च्या कायद्यानंतर ते काम निवडून आलेल्या काऊंटी कौन्सिलांकडे आलं. आज तुम्ही कठड्याची तक्रार करता ती डर्बीशर काऊंटी कौन्सिलकडे. प्रत्येक शतकात पुलाला कुणीतरी धनी होता, म्हणून तो आहे. ज्या पुलांचे धनी हरवले ते पूल आज नकाशात नावापुरते उरलेत.

तुम्ही रोज जाता तिथे आणखीही काही घडलंय. १६४३च्या जानेवारीत यादवी युद्धात याच पुलासाठी राजाची आणि संसदेची माणसं लढली. १७४५च्या डिसेंबरात इंग्लंडच्या गादीवर घराण्याचा हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचं स्कॉटिश सैन्य डर्बीपर्यंत पोचलं, तेव्हा त्यांची एक छोटी तुकडी लंडनच्या वाटेवरचा ट्रेंटचा उतार ताब्यात ठेवायला या पुलापर्यंत आली होती. ६ डिसेंबरला डर्बीहून सैन्य परत फिरलं. त्यांच्या स्वारीचा दक्षिणेकडचा शेवटचा टप्पा हा. आणि एक दंतकथा आहे. बेलामाँट घराण्यातल्या दोन बहिणींचे वाग्दत्त वर पुराच्या पाण्यात घोड्यावरून परतताना बुडाले, म्हणून दोघींनी सारी संपत्ती घालून हा पूल बांधला आणि स्वतः दारिद्र्यात मेल्या. पुरावा काही नाही. पण ट्रेंटचा पूर मी पाहिलाय, आणि ही गोष्ट इथल्या लोकांनी का जपली ते मला समजतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाडत का नाहीत? एक कारण कायद्याचं. हा पूल शेड्यूल्ड मॉन्युमेंट आहे, म्हणजे १९७९च्या प्राचीन वास्तूंच्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू, आणि जपायच्या इमारतींच्या ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या, यादीतही आहे. शेड्यूल्ड वास्तूला हात लावायचा तर मंत्र्यांची संमती लागते आणि त्यासाठी सल्ला देते हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था. विनापरवाना काम करणं गुन्हा आहे, मग काम करणारा पुलाचा मालक का असेना. तुमच्यासारखे बरेच जण समजतात की ही संमती म्हणजे सगळ्या उशिराचं मूळ. तसं नाही. लोकांच्या जिवाला धोका असेल तर तातडीचं काम अर्ज न करता करता येतं, तशी तरतूद आहे. पडायला आलेला दगड उतरवणं, आधार देणं, रस्ता अडवणं, हे त्याच दिवशी होतं.

दुसरं कारण मला जास्त पटतं. पाडून त्याच जागी नवा बांधण्यात तुमचाही फायदा नाही. बांधायला काही वर्षं लागतील आणि तेवढी वर्षं तुम्ही मोठा वळसा घालाल. तुम्हाला हवी आहे ती दुसरी वाट, म्हणजे शेजारून नवा रस्ता आणि नवा पूल. ही मागणी तिथल्या लोकांची फार जुनी आहे आणि माझ्या मते रास्तही आहे. ससेक्समध्ये अरुन नदीवर स्टॉपम नावाचा पंधराव्या शतकातला पूल आहे. १९८६मध्ये त्याच्या शेजारी नवा पूल झाला आणि जुन्यावर आता माणसं पायी फिरतात. दगडी पुलाला याहून चांगलं म्हातारपण नाही. त्यासाठी पैसा लागतो, पूरमैदानात नवा बांध घातल्यावर पाणी कुठे चढेल याचा हिशेब लागतो, आणि तो हिशेब ट्रेंटच्या खोऱ्यात सोपा नाही. कौन्सिलला पत्र लिहिणार असाल तर ‘हा पाडा’ असं लिहू नका, ‘याच्यावरचा भार कमी करा’ असं लिहा. तसं लिहिलंत तर वास्तू जपणारे लोकही तुमच्या बाजूने उभे राहतील.

तोवर साडेसात टनांची मर्यादा आहे, आणि ती मोडणारे ट्रकवाले आहेत. वजनाने कमान लगेच पडत नाही, हे वर सांगितलंच. जड गाडीचा खरा त्रास आडवा असतो. चाकाखाली भराव दाबला जातो, तो बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलतो, आणि वर्षानुवर्षांनी भिंत पोट काढते. पुलाखालून भिंतीच्या ओळीत नजर टाकली तर हा फुगवटा दिसतो. दुसरा त्रास सरळसरळ धडकेचा. वळणावर ट्रकचं मागचं टोक कठड्याला घासतं, किंवा समोरून आलेल्या गाडीला जागा देताना कुणी कठड्यात घुसतं.

इथे लोक विचारतात की कठडा मजबूत का करत नाही, आतून काँक्रीट आणि सळ्या का घालत नाही. मीही सुरुवातीला हेच सुचवायचो. एका ज्येष्ठ गवंड्याने मला समजावलं आणि मग आकडेमोड करून मी ते स्वतः पडताळलं. जुना कठडा चुन्यात बसवलेला असतो. धडक बसली की तो सुटतो, दगड कुरणात जातात, आणि धक्का तिथेच संपतो. कठडा काँक्रीटने खालच्या भिंतीशी बांधून टाकला तर तोच धक्का भिंतीत आणि तिथून कमानीत जातो. मग दहा दगडांऐवजी सगळी बाजू बांधावी लागते. गाड्या थांबवायच्या तर वेग कमी करणं हा मार्ग आहे. कठड्यावर ते काम टाकू नये.

दहा दगडांना महिने का? दगड पडले की ते आधी गोळा करतात, गवतातून, कधी पाण्यातून पाणबुडे पाठवून. प्रत्येकाला क्रमांक पडतो, कारण बहुतेक दगड परत त्याच जागी बसू शकतात. जे फुटले त्यांच्याऐवजी नवे लागतात आणि इथे घाई चालत नाही. हा पूल वालुकाश्माचा, आणि वालुकाश्म म्हणजे सगळा एकच दगड नव्हे. नव्या दगडाचा कण जुन्याहून बारीक किंवा घट्ट असला तर पाणी जुन्या दगडाकडे वळतं आणि तोच आधी झिजतो. म्हणून जुन्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि जुळणारी खाण शोधतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेकडे अशा खाणींची नोंद असते. जुळणारी खाण बंद असेल तर पुढची, तीही नसेल तर जुन्या पाडकामातला दगड.

मग चुना. ज्यांनी आपल्या किल्ल्यांवर चुन्याची घाणी पाहिली आहे, ते गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, त्यांना चुना किती कष्टाने तयार व्हायचा हे सांगायला नको. इथेही मध्ययुगीन गवंडी चुनखडी भाजून, विझवून, वाळूत मळून वापरत. चुन्याचा गुण असा की तो दगडापेक्षा मऊ असतो आणि त्यातून ओल बाहेर पडते. पूल हलला तर चुन्याचा सांधा थोडा चिरतो, पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्या बारीक चिरेत पुन्हा जमतो आणि ती काही प्रमाणात बुजते. ओल सांध्यातून उडते, दगड कोरडा राहतो. सिमेंटने दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, भरले की नेमकं उलटं होतं. सांधा दगडापेक्षा कडक, ओलीला वाट नाही, मग ती दगडातून बाहेर पडू बघते. हिवाळ्यात ती गोठते. रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठही तिच्यात मुरलेलं असतं. दगडाचा दर्शनी थर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटतो. डेव्हनमधल्या एका पुलावर मी हे पाहिलं. काही दशकांपूर्वी कुणीतरी चांगल्या हेतूने सगळे दर्जे सिमेंटने भरले होते. सांध्यांच्या सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले दगड दोन बोटं आत खाल्लेले. ते सिमेंट छिन्नीने हाताने काढायला आम्हाला दोन मोसम लागले, कारण यंत्र लावलं असतं तर उरलेला दगडही गेला असता.

चुना थंडीत काम करत नाही. पारा पाच अंशांच्या खाली गेला की तो जमत नाही आणि ओला असताना गोठला तर भुगा होतो. म्हणजे नोव्हेंबरात कठडा पडला तर नीट काम वसंतातच. काम झाल्यावरही काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचं, एकदम वाळू द्यायचं नाही. बाळंतिणीची करतात तशी काळजी. वसंतात आणखी अडचण येते, पक्षी फटींत घरटी करतात आणि वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे. वटवाघळंही. इथलं डॉबेंटनचं वटवाघूळ पाण्यावरचे किडे खातं आणि राहतं जुन्या पुलांच्या सांध्यांत. दर्जे भरण्याआधी जाणकार माणूस प्रत्येक खोल फटीत छोटा कॅमेरा घालून बघतो. आत कुणी असेल तर ती फट तशीच राहते. पात्रात उतरायचं असेल तर माशांच्या विणीचा काळ टाळायचा आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा परवाना घ्यायचा. हे सगळं जुळवल्यावर वर्षात कामाचे आठवडे मोजकेच उरतात. तुमची अडचण मी हलकी मानत नाही. रोज वीस मिनिटं सिग्नलला थांबणं म्हणजे आयुष्यातले तास जातात. पण घाईने केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला किती महाग पडते ते मी छिन्नी धरून मोजलं आहे.

आता तुमच्या गावचा पूल. तुम्ही कळवलंय की तो काळ्या दगडाचा आहे, तीन कमानींचा, आणि गावात त्याला सिमेंटचा गिलावा करून ‘मजबूत’ करायचं चाललंय. इथलं ज्ञान तिथे जसंच्या तसं लावू नका. तुमचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, तो वालुकाश्मासारखा पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटने दगड खाल्ला जाण्याची भीती कमी. पण गिलावा नकोच. तो भेगा झाकतो, आणि भेगा हीच कमानीची बोली असते. त्या झाकल्या की पुढची दहा वर्षं कुणाला काही कळणार नाही. पाणी आत साठेल ते वेगळंच.

पहिलं काम पावसाळ्याआधी: पायाशी जा, खांबाच्या भोवती सळई घालून बघा आणि मापं लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर त्याच जागी परत मापं घ्या. एवढ्या दोन कागदांची किंमत कोणत्याही गिलाव्याहून जास्त आहे. तळ उकरलेला निघाला तर उपायही तिथेच करायचा, मोठ्या दगडांचं पिचिंग, म्हणजे दगड घट्ट रचून केलेली फरसबंदी, किंवा पायाभोवती संरक्षक थर, आणि तो पुलांचं काम केलेल्या इंजिनियरच्या हातून. खांबाजवळ वाळूउपसा चालत असेल तर आधी तो बंद करवा. त्याने पात्र खाली जातं आणि पाया उघडा पडतो.

पिंपळ आणि उंबराची रोपं कठड्याच्या सांध्यात बोटभर असतानाच काढा. मनगटाएवढं मूळ आत गेलं की ते उपटू नका, कापून तिथेच मरू द्या, नाहीतर सोबत दगड येतील. पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. डांबराचे थरावर थर चढवू देऊ नका. रस्ता वर येतो, कठडा बुटका होतो आणि पुलावर फुकटचं ओझं चढतं. ऊस किंवा वाळूच्या गाड्या तिथून जात असतील तर दोन्ही टोकांना उंचीची कमान लावायची मागणी करा. नुसता वजनाचा फलक कुणी वाचत नाही, स्वार्कस्टनलाही वाचत नाहीत. पूल जिल्हा परिषदेकडे आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याकडे हे आधी शोधून काढा आणि लेखी उत्तर घ्या. हे उत्तर मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागेल, पण त्याच्याशिवाय पुढचं काही होणार नाही.

आणि स्वार्कस्टनला एकदा जूनमधल्या कोरड्या दिवशी पायी जा. स्टँटनच्या बाजूला वाट असेल तिथून कुरणात उतरा आणि जुन्या कमानीच्या पोटाकडे वर बघा. दगडांच्या घडणीत फरक दिसला, एखादी सरळ शिवण लांबवर गेलेली दिसली, तर तिथे दोन वेगवेगळ्या काळांतलं बांधकाम एकमेकाला टेकलंय असं समजा. सांध्यांतला चुना, त्यात बसलेली वाळू, मधेच एखादा नवा फिकट दगड. निघालेला किंवा हललेला दगड दिसला तर त्याचा फोटो आणि जागा काऊंटी कौन्सिलला कळवा, आणि गवतात पडलेला तुकडा उचलून नेऊ नका. तो परत त्याच जागी बसणार असतो.